फोन मराठीत ठेवला की सही जुळत नाही: टॉवेल कारखान्यातल्या ॲपचं एक प्रकरण

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टेरी टॉवेलचा एक कारखाना. तपासणीच्या टेबलावर टॉवेलमध्ये दोष दिसला, म्हणजे तेलाचा डाग, तुटलेला धागा, ओढला गेलेला काठ, की तपासनीस फोनवरच्या ॲपमधून फोटो काढतो, लूम नंबर आणि लॉट नंबर टाकतो आणि फोटो थेट ॲमेझॉनच्या एस३ साठ्यात, म्हणजे इंटरनेटवर फाइली ठेवायच्या सेवेत जातो. माल परदेशात गेल्यावर तक्रार आली तर हाच फोटो पुरावा म्हणून काढला जातो, त्यामुळे तो वेळेत आणि खात्रीनं चढणं गरजेचं. साठा मुंबई रीजनमध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्या मुंबईतल्या सर्व्हरांच्या गटात, ज्याचं नाव एपी-साउथ-१. चौदा अँड्रॉइड फोन, सगळे एकाच मॉडेलचे, सगळ्यांवर ॲपची एकच आवृत्ती.

तक्रारी दोन आल्या. पहिली रात्रपाळीच्या सुपरवायझरची: "सर, बारानंतर फोटो चढत नाहीत. पाळी सुटायच्या आधी मात्र सगळे एकदम चढतात." दुसरी तक्रार अशी की सहा ठरावीक फोनवरून फोटो कधीच जात नाहीत, दिवसा नाही आणि रात्रीही नाही. ॲपच्या पडद्यावर दोन्ही वेळा एकच ओळ दिसायची: अपलोड झालं नाही, पुन्हा प्रयत्न होईल.

अशा वेळी पहिला संशय नेटवर्कवर जातो, तसा तो गेलाच. राउटर हलवला, सिम बदलून पाहिलं, रात्री नेट मंद असतं असंही बोललं गेलं. पण ॲपच्या लॉगमध्ये उत्तर पहिल्या दिवसापासून होतं. सर्व्हरकडून ४०३, म्हणजे रिक्वेस्ट नाकारल्याचा आकडा, येत होतं. नेट नसेल तर टाइमआउट येतो किंवा जोडणीच होत नाही. ४०३ आला याचा अर्थ रिक्वेस्ट मुंबईच्या सर्व्हरपर्यंत पोचली, वाचली गेली आणि नाकारली गेली. इथून पुढे राउटरकडे बघण्यात अर्थ नाही.

अडचण ही की लॉगमध्ये फक्त ४०३ हा आकडा होता, उत्तराचा मजकूर नव्हता. एस३ एकाच ४०३ मागे बऱ्याच वेगळ्या गोष्टी सांगतं. परवानगी नसेल तर ॲक्सेस-डिनाइड, ॲक्सेस की, म्हणजे रिक्वेस्ट कुणाची ते सांगणारी खूण, ओळखीची नसेल तर इनव्हॅलिड-ॲक्सेस-की-आयडी, फोनचं घड्याळ पंधरा मिनिटांपेक्षा जास्त चुकलेलं असेल तर रिक्वेस्ट-टाइम-टू-स्क्यूड, आणि रिक्वेस्ट खरी असल्याची खूण म्हणून पाठवलेली सही जुळली नाही तर सिग्नेचर-डझ-नॉट-मॅच. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. म्हणून पहिलं काम एकच होतं: चूक आली की उत्तराचा पूर्ण एक्सएमएल मजकूर लॉगमध्ये टाकायचा. अँड्रॉइडच्या एचटीटीपी-यूआरएल-कनेक्शनमध्ये, म्हणजे रिक्वेस्ट पाठवायच्या तयार साधनात, ४०० आणि त्यावरच्या उत्तराचा मजकूर नेहमीच्या स्ट्रीममध्ये मिळत नाही, गेट-एरर-स्ट्रीममधून वाचावा लागतो. ओकेएचटीटीपी हे तसंच दुसरं साधन वापरत असाल तर बॉडी, म्हणजे उत्तराचा मजकूर, एकदाच वाचता येते, आधी कुणी वाचली असेल तर दुसऱ्यांदा हाती काही लागत नाही. आणि हेड प्रकारच्या रिक्वेस्टला मजकूरच येत नाही, त्यामुळे निदान करायचं असेल तर गेट (फाइल मागणारी) किंवा पुट (फाइल चढवणारी) रिक्वेस्ट वापरावी.

मजकूर हाती आला तेव्हा दोन्ही तक्रारींचा कोड एकच निघाला: सिग्नेचर-डझ-नॉट-मॅच.

पुढचं समजायला सही कशी बनते ते डोळ्यासमोर हवं. ॲमेझॉनच्या सिग्नेचर व्हर्जन ४ या सहीच्या पद्धतीत सीक्रेट की, म्हणजे सहीसाठी वापरायची गुप्त अक्षरं, कधीच तारेवरून जात नाही. फोन त्या कीचा वापर करून रिक्वेस्टची सही काढतो आणि फक्त सही पाठवतो. सर्व्हरकडे तीच सीक्रेट की असते. तो आलेल्या रिक्वेस्टवरून स्वतः सही काढतो आणि दोन्ही ताडून बघतो. दोघांनी स्वतंत्रपणे केलेलं गणित एका बाइटनं जरी वेगळं झालं तरी निकाल पूर्ण वेगळा येतो. थोडं चुकलं, जवळपास जुळलं, असा प्रकारच इथे नाही.

गणिताचे टप्पे असे. आधी कॅनॉनिकल रिक्वेस्ट, म्हणजे रिक्वेस्टचं ठरलेल्या साच्यातलं रूप. त्यात सहा भाग एकाखाली एक येतात: मेथड (रिक्वेस्टचा प्रकार), पाथ (फाइलचा पत्ता), क्वेरी (पत्त्यापुढची जादा माहिती), हेडर (रिक्वेस्टबद्दलच्या माहितीच्या ओळी), सही केलेल्या हेडरांची नावं आणि मजकुराचा शा-२५६ हॅश, म्हणजे मजकुरातून काढलेला ठरावीक लांबीचा ठसा. क्वेरी नसेल तरी तिची ओळ रिकामी ठेवावी लागते. प्रत्येक हेडरनंतर नवी ओळ येते, म्हणून हेडर संपल्यावर आणखी एक रिकामी ओळ दिसते. ती गाळली तर सही बिघडते, आणि हातानं लिहिलेल्या कोडमध्ये ही चूक सर्रास होते. हेडरची नावं लहान लिपीत आणि वर्णक्रमानं. या ॲपमध्ये तीन हेडर सहीत होते: होस्ट, एक्स-एएमझेड-कंटेंट-शा२५६ आणि एक्स-एएमझेड-डेट.

त्यानंतर स्ट्रिंग-टू-साइन, चार ओळींची. पहिली ओळ पद्धतीचं नाव, दुसरी यूटीसीतली, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेतली, पूर्ण वेळ, तिसरी स्कोप, म्हणजे तारीख, रीजन, सेवा आणि शेवटी एडब्ल्यूएस४_रिक्वेस्ट हा ठरलेला शब्द, आणि चौथी ओळ कॅनॉनिकल रिक्वेस्टचा हॅश.

तिसरा टप्पा साइनिंग कीचा. सीक्रेट कीच्या आधी एडब्ल्यूएस४ ही अक्षरं जोडायची आणि चार वेळा एचमॅक, म्हणजे की घालून हॅश काढायचं गणित, चालवायचं: आधी तारखेवर, आलेल्या निकालानं रीजनवर, त्या निकालानं सेवेवर आणि शेवटी एडब्ल्यूएस४_रिक्वेस्टवर. हाती येतात ३२ बाइट. ही की त्या दिवसापुरती, त्या रीजनपुरती आणि त्या सेवेपुरतीच चालते, त्यामुळे ती चुकून बाहेर पडली तरी नुकसानाला हद्द राहते. मूळ सीक्रेट कीबद्दल असं म्हणता येत नाही. या साइनिंग कीनं स्ट्रिंग-टू-साइनवर एचमॅक केलं की सही तयार, हेक्समध्ये, म्हणजे सोळा चिन्हांच्या अंकपद्धतीत, ६४ अक्षरं.

सही जुळली नाही की एस३ उत्तरात स्वतः काय धरलं ते सांगतं, आणि इतकी उपयोगी चूक फार कमी सेवा देतात. सर्व्हरनं बांधलेली कॅनॉनिकल रिक्वेस्ट, सर्व्हरची स्ट्रिंग-टू-साइन, आणि दोन्हींचे बाइट हेक्समध्ये वेगळे लिहिलेले, एवढं सगळं त्या एक्सएमएलमध्ये असतं. म्हणून तपासाची दिशा अंदाजावर सोडायची गरज नाही. फोननं बांधलेला मजकूर आणि सर्व्हरनं बांधलेला मजकूर शेजारी ठेवायचे आणि पहिला वेगळा बाइट शोधायचा. डोळ्यांनी नाही, बाइटनं. जादा स्पेस, लहान-मोठी हेक्स अक्षरं, अधिकच्या चिन्हानं लिहिलेली स्पेस, हे सगळं बाइटमध्येच सापडतं.

संशय पाथवर होता. लॉटच्या फोल्डरला मराठी नावं दिलेली होती, एकाचं नाव चादर. असं नाव सहीत घेताना यूटीएफ-८, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहायची ठरलेली पद्धत, लावून प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह हेक्समध्ये लिहावा लागतो. चादर या शब्दात चार युनिकोड चिन्हं आहेत, च, काना, द आणि र, प्रत्येकाचे तीन बाइट, म्हणजे बारा बाइट आणि लिहून झाल्यावर छत्तीस अक्षरं. हेक्स मोठ्या लिपीत लागतं. शिवाय एस३ पाथ एकदाच एन्कोड करतं आणि ॲमेझॉनच्या इतर बहुतेक सेवा कॅनॉनिकल रिक्वेस्टमध्ये दोनदा, म्हणजे एका सेवेसाठी लिहिलेला कोड दुसरीकडे उचलून नेला की तो इथेच पडतो. संशय घेण्यासारखी जागा होती खरी. पण ताडून पाहिलं तर फोनची आणि सर्व्हरची कॅनॉनिकल रिक्वेस्ट शेवटच्या बाइटपर्यंत एक निघाली. पाथ निर्दोष. हेडर निर्दोष. फोटोचा हॅशही बरोबर.

मग स्ट्रिंग-टू-साइन. तीही तंतोतंत तीच.

इथे बरेच जण गोंधळतात. सही ज्या मजकुरावर केली तो मजकूर दोन्हीकडे एकच, तरी सही वेगळी, हे कसं? पण एचमॅकला दोनच गोष्टी लागतात, मजकूर आणि की. मजकूर सारखा आहे हे सिद्ध झालं, तेव्हा की वेगळी आहे. साइनिंग की चार गोष्टींतून बनते: सीक्रेट की, तारीख, रीजन, सेवा. सीक्रेट की ॲपमध्येच लिहिलेली होती आणि उरलेल्या आठ फोनांवर तीच चालत होती. रीजन आणि सेवा कोडमध्ये पक्क्या लिहिलेल्या. उरली तारीख.

स्कोपमधली तारीख तर बरोबर होती, नाहीतर स्ट्रिंग-टू-साइन जुळलीच नसती. म्हणजे ॲप तारीख दोन ठिकाणी काढत होतं. कोड उघडला तर तसंच निघालं. पूर्ण वेळ एका फंक्शनमध्ये काढलेली, यूटीसी लावून आणि लोकेल-यूएस देऊन (लोकेल म्हणजे भाषा आणि देशाची निवड), अगदी चोख. स्कोपमधली तारीख त्याच वेळेची पहिली आठ अक्षरं. साइनिंग की बनवणारं फंक्शन मात्र सीक्रेट, रीजन आणि सेवा एवढंच बाहेरून घेत होतं आणि आजची तारीख आत स्वतः काढत होतं, सिम्पल-डेट-फॉरमॅट हे तारीख लिहायचं साधन वापरून, लोकेल-गेट-डिफॉल्ट, म्हणजे फोनचं स्वतःचं लोकेल, देऊन आणि टाइमझोन काहीच न देता.

त्या एका ओळीत दोन चुका आहेत आणि दोन तक्रारी त्यातूनच आल्या.

टाइमझोन दिला नाही तर फोनचा स्वतःचा टाइमझोन लागतो, म्हणजे भारतीय वेळ, यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. रात्री बारा वाजता सोलापुरात तारीख बदलते तेव्हा यूटीसीत संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात आणि आदला दिवस चालू असतो. समजा १३ मार्चच्या पहाटेचे दोन वाजलेत. स्कोपमध्ये १२ मार्च, सर्व्हरही १२ मार्च धरणार, आणि साइनिंग की १३ मार्चची. सही जुळणार नाही. पहाटे साडेपाचला यूटीसीतही दिवस बदलतो, दोन्ही तारखा एक होतात आणि अडकलेली रांग मोकळी होते. ॲप दर पंधरा मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करत होतं आणि दर वेळी नव्यानं सही काढत होतं, म्हणून सुपरवायझरला फोटो पाळी सुटायच्या आधी एकदम चढताना दिसायचे. एस३ मधल्या फाइलींच्या लास्ट-मॉडिफाइड वेळा पाहिल्या तर मध्यरात्र ते पहाटे साडेपाच पूर्ण कोरडं आणि त्यानंतर लगेच दाट गर्दी. ही वेळ जीएमटीत, म्हणजे यूटीसीच्याच वेळेत, नोंदलेली असते, त्यामुळे थेट यादी वाचताना कोरडा पट्टा १८:३० ते ००:०० असा दिसतो. ठरावीक घड्याळी वेळेला सुरू होऊन ठरावीक वेळेला संपणारी अडचण दिसली की, विशेषतः ती साडेपाचला संपत असेल तर, आपल्याकडे आधी यूटीसीचा विचार करावा.

दुसरी चूक लोकेलची, आणि ती मराठी वाचकानं नीट समजून घ्यावी अशी आहे.

ज्या सहा फोनवरून फोटो कधीच जात नव्हते ते सगळे मराठी भाषेत ठेवलेले होते. उरलेल्या आठांपैकी चार तेलुगूत, दोन कन्नडमध्ये, एक हिंदीत, एक इंग्रजीत. सोलापुरात एकाच टेबलावर या सगळ्या भाषा असतात आणि प्रत्येकानं फोन आपापल्या भाषेत ठेवलेला असतो. तेलुगू, कन्नड, हिंदी फोन दिवसा व्यवस्थित चालत होते. फक्त मराठी फोन बंद.

कारण अंकांत आहे. कोणत्या भाषेत तारीख, महिना, अंक कसे लिहायचे याचा एक मोठा साठा युनिकोड संस्था सांभाळते, त्याला सीएलडीआर म्हणतात, आणि अँड्रॉइड तो वापरतो. त्यात तेलुगू, कन्नड आणि हिंदीचे ठरलेले अंक इंग्रजी आहेत. हिंदीची लिपी देवनागरी असूनही अंक इंग्रजी. मराठी आणि नेपाळीचे ठरलेले अंक देवनागरी आहेत, बंगालीचे बंगाली. म्हणून मराठी फोनवर सिम्पल-डेट-फॉरमॅटला डिफॉल्ट लोकेल दिलं की तारीख देवनागरी अंकांत येते. मराठी वाचणाऱ्याला पडद्यावर मराठी अंक दिसावेत हे योग्यच आहे, साठ्यात काही चुकलेलं नाही. चुकलं ते एवढंच की यंत्रानं यंत्राला द्यायची तारीख माणसाला दाखवायच्या पद्धतीनं लिहिली गेली.

बाइटमध्ये पाहिलं तर फरक लख्ख दिसतो. इंग्रजी अंकांत २०२४ लिहिलं तर हेक्समध्ये चार बाइट होतात: ३२ ३० ३२ ३४. देवनागरीत तेच लिहिलं तर बारा: ई० ए५ ए८, ई० ए५ ए६, ई० ए५ ए८, ई० ए५ एए. आठ अंकी तारखेचे इंग्रजीत ८ बाइट, देवनागरीत २४. एचमॅकला या दोन सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत. लॉगमध्ये तारीख छापून हे सापडेलच असं नाही, कारण मराठी वाचणाऱ्याला ती तारीख बरोबरच दिसते. लांबी छापा. ८ च्या जागी २४ आले की संशय उरत नाही.

ही चूक इतकी लपली याचं कारण, साइनिंग कीतली तारीख कुठेच पाठवली जात नाही. देवनागरी अंक हेडरमध्ये गेले असते तर ओकेएचटीटीपीनं रिक्वेस्ट पाठवण्याआधीच अक्षर मान्य नाही म्हणून फोनवर चूक फेकली असती. क्वेरीतून सही पाठवली असती आणि तारखेत देवनागरी अंक असते तर एस३ नं ४०० देऊन तारखेचा नमुना चुकला असं स्पष्ट लिहिलं असतं. इथे मात्र बाहेर गेलेलं सगळं बरोबर होतं आणि चूक फक्त फोनच्या आत राहिली.

ती ओळ अशी का लिहिली गेली याचाही माग लागतो. सिम्पल-डेट-फॉरमॅटला लोकेल दिलं नाही तर अँड्रॉइडचं लिंट, म्हणजे कोड तपासणारं साधन, पिवळी सूचना देतं. त्या सूचनेत यंत्रासाठीच्या तारखेला लोकेल-यूएस द्या असं सुचवलेलं असतं. पण लोकेल-गेट-डिफॉल्ट लिहिलं तरी सूचना जाते. सूचना गेली आणि वागणं आधी होतं तेच राहिलं. कोणत्याही अँड्रॉइड कोडमध्ये लोकेल-गेट-डिफॉल्ट शोधून काढावं आणि प्रत्येक जागी विचारावं की हा मजकूर माणूस वाचणार आहे की सर्व्हर.

तात्पुरता उपाय म्हणून सहाही फोन इंग्रजीत करा असा सल्ला पुढे आला होता. तो मानला नाही हे बरं झालं. एक तर रात्रीची चूक तशीच राहिली असती आणि मूळ ओळ कुणी उघडलीच नसती. दुसरं म्हणजे दिवसभर लूमच्या आवाजात उभं राहून टॉवेल तपासणाऱ्या माणसानं, सही काढणारा कोड चुकला म्हणून, आपली भाषा सोडायची हे कोणत्याच हिशोबात बसत नाही.

दुरुस्ती लहान आहे. एका रिक्वेस्टसाठी घड्याळ एकदाच वाचायचं. यूटीसी आणि लोकेल-रूट, म्हणजे कोणत्याच भाषेचं नसलेलं लोकेल, देऊन सोळा अक्षरांची वेळ बनवायची: आठ अंक, टी, सहा अंक, झेड. तारीख म्हणजे त्याच स्ट्रिंगची पहिली आठ अक्षरं, दुसरीकडून कुठूनही नाही. साइनिंग कीचं फंक्शन तारीख बाहेरून घेईल, आत घड्याळ पाहणार नाही. घड्याळ दोनदा वाचलं तर, यूटीसी आणि लोकेल दोन्ही बरोबर असूनही, पहाटे साडेपाचच्या सीमेवर एखादी रिक्वेस्ट पडते आणि अशी चूक शोधणं फार कठीण जातं. नमुन्यात वर्षासाठी लहान वाय लिहावा. मोठा वाय आठवड्यांच्या हिशोबाचं वर्ष देतो आणि डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत पुढचं वर्ष लावून ठेवतो. सही हेक्समध्ये लिहिणारी स्ट्रिंग-फॉरमॅटची ओळ तशीच ठेवता आली, कारण जावा हेक्सच्या अंकांना लोकेल लावत नाही. साध्या पूर्णांकाच्या फॉरमॅटला मात्र लावतो. क्वेरीतून सही पाठवताना लागणारे मुदतीचे सेकंद कुणी तसे लिहिले असते तर मराठी फोनवर तेही देवनागरीत गेले असते.

ही दुरुस्ती त्याच दिवशी फोनांवर गेली, मराठी फोनांवर साठलेली रांग रिकामी झाली, आणि त्या रात्री बारानंतरचे फोटो बारानंतरच चढले. पण प्रकरण इथे थांबवणं चुकीचं झालं असतं, कारण तपासात त्याहून गंभीर गोष्ट उघड पडली होती: सीक्रेट की ॲपमध्ये लिहिलेली होती.

एपीके, म्हणजे ॲपची फाइल, कुणीही उघडू शकतं. वीस अक्षरांची ॲक्सेस की, एकेआयए नं सुरू होणारी, आणि चाळीस अक्षरांची सीक्रेट की त्यातून काढायला विशेष कौशल्य लागत नाही. या कीला पूर्ण बकेटवर, म्हणजे एस३ मधल्या फोटोंच्या साठ्यावर, सगळ्या परवानग्या होत्या, पुसण्याचीही. कारखाना सोडून गेलेल्या एखाद्याच्या फोनमध्ये जुनं ॲप राहिलं तर दोषांचे सगळे फोटो कुणीही पुसू शकलं असतं. कोड गुंतागुंतीचा करून किंवा की तुकड्यांत लपवून हे झाकता येत नाही. फोनवर कायमची की ठेवूच नये, याला पर्याय नाही.

सही सर्व्हरवर हलवली. कारखान्याचा आधीचाच एक छोटा सर्व्हर होता, त्यावर एक मार्ग वाढवला. फोन लॉगिनच्या टोकनसह लॉट नंबर आणि लूम नंबर पाठवतो. सर्व्हर फाइलचं नाव स्वतः ठरवतो, त्या एकाच नावासाठी, फक्त पुटसाठी, ३०० सेकंद मुदतीची सही केलेली लिंक बनवून देतो. फोन त्या लिंकवर फोटो टाकतो. सही क्वेरीत असते, मजकुराच्या हॅशच्या जागी अनसाइन्ड-पेलोड हा शब्द. अशा लिंकची कमाल मुदत ६,०४,८०० सेकंद, म्हणजे सात दिवस ठेवता येते, पण ठेवू नये. सर्व्हरच्या कीला आता फक्त पुट-ऑब्जेक्टची परवानगी आहे, तीही एका फोल्डरपुरती, आणि बकेटवर व्हर्जनिंग चालू केलं आहे, म्हणजे त्याच नावावर दुसरा फोटो पडला तरी आधीचा शाबूत राहतो.

यातून एक फायदा न मागता मिळाला. लिंकमधली वेळ सर्व्हरची असते, त्यामुळे एखाद्या फोनचं घड्याळ वीस मिनिटं मागे असलं तरी अडत नाही. आधी ते पंधरा मिनिटांच्या मर्यादेत अडकलं असतं.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. लिंक फोटो काढताना घ्यायची नाही, चढवायच्या क्षणी घ्यायची. नाहीतर नेट नसताना रांगेत पडलेल्या फोटोची लिंक शिळी होते आणि पुन्हा ४०३ येतो, या वेळी ॲक्सेस-डिनाइड आणि खाली रिक्वेस्टची मुदत संपली असा मजकूर. एस३ मुदत रिक्वेस्ट सुरू होताना तपासतं. मोठी फाइल चढत असताना मुदत संपली तर चालतं, पण मध्येच जोडणी तुटून नव्यानं सुरू करावं लागलं तर नवी लिंक लागते. दुसरं, लिंक बनवताना कंटेंट-टाइप, म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारा हेडर, सहीत घेतला असेल तर फोननं तो अक्षरशः तसाच पाठवायला हवा. सर्व्हरवर इमेज/जेपेग आणि फोनकडून इमेज/जेपीजी गेलं तरी सही तुटते.

सर्व्हर ज्या कीनं सही करतो ती तात्पुरत्या प्रकारची असेल, म्हणजे ॲक्सेस की एएसआयए नं सुरू होत असेल, तर लिंकमध्ये सिक्युरिटी टोकनही जावं लागतं आणि लिंकची मुदत कितीही लिहिली तरी ती त्या कीच्या आयुष्यापुढे चालत नाही.

जुनी की काढायला घाई केली नाही. आयएएममध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्या वापरकर्ते आणि परवानग्यांच्या व्यवस्थेत, एका वापरकर्त्याला एका वेळी दोनच ॲक्सेस की ठेवता येतात, पण इथे सर्व्हरसाठी वेगळाच वापरकर्ता केला, त्यामुळे ती अडचण आली नाही. सगळ्या फोनांवर नवी आवृत्ती आल्याची खात्री झाल्यावर जुनी की आधी निष्क्रिय केली, पुसली नाही. निष्क्रिय की परत चालू करता येते, पुसलेली येत नाही. तिन्ही पाळ्या आणि रविवारची सुट्टी धरून पूर्ण आठवडा शेवटचा वापर कधी झाला ते पाहिलं आणि मग पुसली.

चाचण्यांत काय वाढवलं हे सांगणं गरजेचं, कारण आधीही चाचणी होतीच. ॲमेझॉननं प्रसिद्ध केलेलं साइनिंग कीचं एक सोडवलेलं उदाहरण आहे, तारीख २०१५०८३०, रीजन यूएस-ईस्ट-१, सेवा आयएएम, आणि उत्तर सी४एएफबी१सीसी या अक्षरांनी सुरू होतं. पण फंक्शन तारीख आतच काढत असेल तर ते उदाहरण चालवताच येत नाही, आणि नेमका तोच भाग तपासाविना राहिला होता. आता तारीख बाहेरून येते, म्हणून उदाहरण जसंच्या तसं चालतं, आणि तेच उदाहरण डिफॉल्ट लोकेल मराठी, नेपाळी, बंगाली आणि इजिप्तची अरबी करून, टाइमझोन कोलकाता ठेवून पुन्हा चालवलं जातं. वेळ बनवणाऱ्या फंक्शनला वेगळे क्षण दिले जातात: यूटीसी मध्यरात्रीच्या एक सेकंद आधीचा, मध्यरात्रीचा, आणि भारतीय वेळेनुसार रात्री साडेबाराचा. प्रत्येक वेळी निकाल सोळा बाइटचा आणि निव्वळ आस्की, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-अंकांचा, आहे का हे तपासलं जातं.

हा सापळा एकट्या ॲमेझॉनपुरता नाही. एस३ सारखा इंटरफेस देणारे इतर साठे हीच सही वापरतात आणि गूगल क्लाउड स्टोरेजची व्ही४ सही त्याच बांधणीची आहे. मायक्रोसॉफ्टच्या अझूर स्टोरेजच्या शेअर्ड-की पद्धतीत तर तारखेत वाराचं आणि महिन्याचं इंग्रजी नाव लागतं. तिथे डिफॉल्ट लोकेल वापरलं तर अंकांच्या आधी वारच मराठीत जाईल, आणि तेलुगू, कन्नड, हिंदी फोनही सुटणार नाहीत.

एक गोष्ट दुरुस्तीनंतर उद्भवली. सगळीकडे यूटीसी लावा असं ठरवताना दोषांच्या अहवालातली तारीखही यूटीसी झाली आणि रात्री बारा ते साडेपाचचे दोष आदल्या तारखेला दिसू लागले. रात्रपाळी अकराला सुरू होते आणि कारखान्यात तिची तारीख सुरुवातीची धरतात, त्यामुळे हे वरवर बरोबर वाटलं. पण साडेपाच ते सातचे दोष पुढच्या तारखेला जात होते आणि एकच पाळी दोन दिवसांत विभागली जात होती. आता फोन फोटो काढल्याचा क्षण यूटीसीत पाठवतो आणि पाळीची तारीख सर्व्हर भारतीय वेळेवरून, पाळी सुरू होण्याची वेळ धरून ठरवतो. सहीच्या तारखेशी तिचा कोडमध्ये काहीच संबंध ठेवलेला नाही.